नवसाचं पाव्हणं

मी पाव्हणं बोलतोय. कळंबच्या शकुबाईचा बोकड. अंगाने काळा, कान पांढरे, आणि दिसायला देखणा आहे असं सगळी आळी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. पाव्हणं हे काही माझं नाव नव्हे. मला नाव द्यायचं नाही, असं मी या घरात आलो त्याच दिवशी ठरलं होतं. नवसाच्या बोकडाला नाव देत नाहीत. नाव दिलं की त्यात माणसाचा जीव अडकतो, आणि मग तो बोकड देवीपुढे कापवत नाही.

तर मी कापायचा बोकड आहे, हे आधीच सांगून टाकतो. तुम्हाला उगाच आशेला लावत नाही.

मी जन्मलो तेव्हा शकुबाईची नात छकुली बारामतीच्या दवाखान्यात होती. डेंग्यू झाला होता आणि पेशी रोज खाली चालल्या होत्या. शकुबाईचा मुलगा युवराज लोणी देवकरला कंपनीत कामाला आहे. बायको राजलक्ष्मी आणि छकुलीला घेऊन तो इंदापुरात भाड्याने राहतो. शकुबाई इकडे गावात एकटी. शेजारी गेणबा, तिच्या गेलेल्या नवऱ्याचा जिवाभावाचा मित्र. त्यानेच तिला आपल्या पिकअपमधून बारामतीला नेलं. आत एकावेळी एकालाच सोडत होते, म्हणून दवाखान्याच्या दारात, चपलांच्या ढिगाशेजारी उभं राहून शकुबाईने माळावरच्या आईला हात जोडले. "माझं लेकरू बरं कर. पुढच्या जत्रंला बोकड देते तुला."

छकुली बरी झाली. डॉक्टरांनी उपचार केले, राजलक्ष्मीने रात्री जागवल्या, हे खरं. पण नवस बोलून झाला होता, हेही खरं. गेणबाच्या शेळीला नुकतीच पिल्लं झाली होती. दूध सुटल्यावर त्यातलं एक, म्हणजे मला, त्याने काखेत मारलं आणि शकुबाईच्या दारात आणून सोडलं.

"वहिनी, हे आईचं. जत्रंपत्तूर सांभाळा. फकस्त नाव ठिवू नगा."

"मी कशाला ठिवते, भावजी? पाव्हणं हाय ते. आज हाय, उद्या न्हाय."

झालं. ते पाव्हणं जे चिकटलं ते चिकटलंच. नाव द्यायचं टाळता टाळता तिने मला नाव दिलं, आणि ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं, पण मला कोण विचारतो.

त्या वेळी ते घर कसं होतं ते सांगतो. शकुबाई एका दिवशी भाकरी थापायची आणि दोन दिवस तीच खायची. टीव्ही चालू असायचा आणि ती भिंतीकडे बघत बसायची. आळीतल्या बायका येता-जाता विचारायच्या, ती नुसती मान हलवायची. हळूहळू बायकांनी विचारायचं सोडलं. त्यात कुणाचं वाईट मन नव्हतं. माणसं एखाद्याच्या गप्प राहण्याला फार लवकर सरावतात.

माझ्याशीही बोलायचं नाही असा तिने चंग बांधला होता. घास पुढ्यात टाकायची आणि तोंड फिरवायची. मीही काही लगेच लोचटपणा केला नाही. पण थंडीत एकदा मी ओला लसूणघास हावरटासारखा खाल्ला आणि माझं पोट फुगलं. पाय वर करून पडलो. तिने गोडेतेल पाजलं, ओवा चारला आणि पोट चोळत बसली. सुरुवातीला म्हणत होती, "आरं, असा मरू नगंस, आईला मी काय सांगू?" थोड्या वेळाने म्हणाली, "मरू नगंस, पाव्हण्या." त्यात आई नव्हती, नवस नव्हता. मी ऐकलं, आणि मला फार बरं वाटलं. आता आठवलं की भीती वाटते.

त्यानंतर ती बोलायला लागली ती थांबेचना. नवऱ्याचं, माहेरचं, गुडघ्याचं, सगळं मला सांगायची. मला चरायला न्यायचं म्हणून रोज कालव्याकडे निघायची. वाटेत बायका थट्टा करायच्या, "काय शकुबाई, पाव्हण्याचा पाहुणचार अजून संपंना का?" ती हसून उत्तर द्यायची. उन्हाळ्यात मी शेजारच्या ओट्यावर वाळत घातलेल्या कुरडया फस्त केल्या. मोठं भांडण होणार होतं. पण शकुबाई माफी मागायला गेली आणि दुपारभर तिथेच बसून त्यांना नव्या कुरडया घालू लागली. कितीतरी दिवसांत ती कुणाच्या घरी गेली नव्हती. एवढं चांगलं काम केल्याबद्दल मला दोरीचा एक फटका मिळाला.

युवराजला सुट्टी असली की छकुली हट्ट करायची, पाव्हण्याकडे जायचं. आधी सणासुदीला येणारी माणसं आता वरचेवर यायला लागली. राजलक्ष्मी एकदा म्हणाली, "आत्या, तुमी आता माणसात आल्यासारख्या दिसता." बीपीच्या डॉक्टरांनीही गोळी अर्धी केली. माणसं म्हणतात, जनावर पाळलं की माणसाचं मन हलकं होतं, चार माणसं जोडली जातात. अगदी खरं आहे. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. फक्त मला पाळायला आणलेलं नव्हतं.

गेणबा अधूनमधून यायचा. येताना मका आणायचा. मी खात असताना माझ्या पाठीच्या कण्यावर अंगठा दाबून बघायचा आणि समाधानाने म्हणायचा, "भरलंय." पहिल्यांदा मला वाटायचं, हा लाड आहे. नंतर त्याचा अंगठा लागला की मी मका तसाच टाकून मागे सरायचो. शकुबाई तेवढ्यात काहीतरी काम काढून आत जायची.

दसरा आला तशी ती पुन्हा गप्प झाली. भाकरी उरायला लागली. छकुलीला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती माझ्या शिंगांना झेंडूच्या माळा बांधत होती आणि सगळी मोठी माणसं दुसरीकडे बघत होती.

जत्रेच्या दिवशी मला गुलाल लावून माळावर नेलं. आमच्याकडे रीत अशी, की बोकडाच्या पाठीवर पाणी घालतात. तो थरथरला की देवीने घेतला. नाही थरथरला तर घेतला नाही, मग सुरी चालत नाही. आता शेळीच्या जातीला पाण्याचं मुळातच वावडं. थेंब पडला तरी आमचं कातडं उडतं. त्यामुळे देवीने आजवर कुणाला नको म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं.

गुरवाने तांब्या ओतला. शकुबाई माझ्याजवळ उभी होती. तिचा हात माझ्या मानेमागे, पाठीवर टेकलेला होता. तो हात ओळखीचा होता, गरम होता. मी थरथरलो नाही. गुरवाने पुन्हा पाणी घातलं. हलगी थांबली. सगळी माणसं माझ्या पाठीकडे बघत होती आणि मी मात्र उभ्या उभ्या तिच्या पदराचा वास घेत होतो.

"आईच्या मनात न्हाय," गुरव म्हणाला. "न्या माघारी."

बायकांनी मला हात लावून नमस्कार केला. शकुबाईने दोर धरला आणि आम्ही घराकडे निघालो. ती रडत होती की हसत होती, नीट कळलं नाही. गेणबा मागून येत होता. माळ उतरल्यावर तो हळूच म्हणाला, "वहिनी, हात काढायचा व्हता."

"कुठला हात?"

गेणबा वाईट माणूस नाही, हे मी मुद्दाम सांगतो. त्याला मूलबाळ नाही. छकुलीला खांद्यावर बसवून त्याने अख्खं गाव हिंडवलंय. म्हणूनच मला त्याची भीती वाटते.

जत्रेनंतर काही दिवस चांगले गेले. मग आज सकाळी युवराजचा फोन आला. "आई, छकुलीला परत ताप भरलाय. बारामतीला नेतोय."

शकुबाईने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. अशी ती माझ्याकडे कधी पाहत नसे. तेवढ्यात गेणबा कुंपणाशी येऊन उभा राहिला. त्यालाही युवराजने कळवलं होतं.

"वहिनी, आईचं देणं ऱ्हायलंय."

"डास चावला असंल, भावजी. आईनंच नगं म्हणलं. समद्यांनी बघितलं."

"म्या बी बघितलं."

ती ओट्यावर बसली. मग उठून तिने पिशवी भरली, माझा दोर सोडला आणि गेणबाच्या हातात दिला.

"मी बारामतीला जाते. येईस्तोवर ह्याला तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

"व्हय," गेणबा म्हणाला.

दोर देताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. घाईत होती म्हणून, की आणखी कशामुळे, ते मला अजून कळलेलं नाही. मी तिच्यावर शंका घेत नाही. पण मन आहे, ते पुन्हा पुन्हा तिथेच जातं.

तेव्हापासून मी गेणबाच्या गोठ्यात आहे. माझी आई समोरच बांधलेली आहे. तिने मला ओळखलं नाही, मीही तिला आठवण करून दिली नाही. मी एकच घोकत होतो, छकुलीचा ताप उतरू दे. ताप उतरला की सगळ्यांना कळेल की तो डासाचाच होता. दवाखान्यात चांगले डॉक्टर आहेत. लेकराला वेळेवर नेलंय. उतरणारच.

आणि उतरला. दुपारी गेणबाचा फोन वाजला. शकुबाईचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला, इतकी ती आनंदात होती. "ताप उतरला, भावजी. पेशी बी चांगल्या हायत. साधा ताप हाय म्हणत्यात." मग तिने विचारलं, "पाव्हण्यानं काय खाल्लं का?"

"खाल्लं, वहिनी. तुमी काळजी करू नगा."

फोन ठेवून गेणबाने माळाच्या दिशेला हात जोडले. त्याचे डोळे भरून आले होते. माझ्यापुढे बसून तो मला समजावल्यासारखं बोलू लागला. "सकाळीच आईला मनात म्हणलं व्हतं म्या. पोरीचा ताप उतरू दे, तुझं ऱ्हायलेलं आजच्या आज पोचवतो. आईनं ऐकलं बघ. तिनं शब्द पाळला, आता म्या कसा मोडू? तुझी मालकीन हितं न्हाय त्येच बरं हाय. तिला बघवणार न्हाय."

मी ज्या तापाच्या उतरण्यावर जगणार होतो, तो उतरला म्हणूनच माझे दिवस भरले.

त्याने तांब्या आणला. मी चारही पाय रोवून उभा राहिलो. श्वास धरला. शकुबाईचा हात पाठीवर आहे असं मनाशी म्हणत राहिलो. पण हात नव्हता. जनावरामुळे माणसाचं काळीज निवतं असं सगळेच सांगतात. माणसाच्या हातामुळे जनावराचं काय होतं, ते कुणी सांगत नाही. पाणी गार होतं. मी नको नको म्हणत असताना माझं अंग थरथरलं.

"घेतलं आईनं," गेणबा म्हणाला आणि डोळे पुसत गुरवाला फोन करायला उठला.

आता तो अंगणात पिकअप मागे घेतोय. तेवढा वेळ मला मिळाला, म्हणून हे सगळं तुम्हाला सांगितलं. मला सोडवा असं मी म्हणत नाही. नवस शकुबाईचा, शब्द गेणबाचा, आणि छकुली बरी झाली याचा मला खरोखर आनंद आहे. पण गेणबा मला नेऊन माघारी येईल आणि तिच्यासमोर मान खाली घालून उभा राहील. मग ती कुणाशीच बोलणार नाही. भाकरी एक दिवस थापेल आणि टीव्हीसमोर भिंतीकडे बघत बसेल. आळीतल्या बायकांनो, ती गप्प राहिली तरी विचारायचं सोडू नका. छकुलीला तिच्याकडे पाठवत राहा.

संध्याकाळच्या एसटीने ती फाट्यावर उतरेल. ती तिथूनच मला हाक मारते, आणि मी ओरडलो की मग भरभर चालते. आज तिच्या हाकेला तुमच्यापैकी कुणीतरी ओ द्या.