काचेवरचा तळवा

२०१९ सालची गोष्ट. नागपूरहून अमेरिकेत बॉथेलला मुलाकडे येऊन अहिल्याबाईंना दोन वर्षं झाली होती. केदार आणि सून सकाळीच बाहेर पडत. मग दिवसभर बोलायला माणूस म्हणजे शेजारचे वेनियामिन ल्वोविच. उभा जन्म प्रकाश आणि भिंगं यांच्यात गेलेला. लेनिनग्राडला त्यांनी उपग्रहांचे डोळे घडवले आणि इथल्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं ते नुसते ‘बेन’ होते. अहिल्याबाई मात्र शाळेत हजेरी घेतल्यासारखी वडिलांच्या नावासकट हाक मारत. म्हाताऱ्याला त्याचं केवढं अप्रूप!

“आई, रोज काय करतेस ग त्यांच्या गराजमध्ये?” केदार विचारायचा.

“चहा पितो आणि मोडक्या इंग्रजीत भांडतो.”

म्हातारा दुर्बिणीचा आरसा घासत होता. बायको नीना असताना सुरू केलेला, ती गेल्यावर रखडलेला. गुरुवारी मुलगी त्याला दूर तिच्या गावी, फ्रिस्कोला, कायमचं न्यायला येणार होती. तिच्या फ्लॅटला गराज नव्हतं. त्याआधी आरसा पुरा व्हायलाच हवा होता.

सोमवारी खंडेनवमी आली. अहिल्याबाई हळदकुंकू घेऊन गेल्या, अवजारांना बोटं लावली, आणि सवयीने आरशाच्या काचेवर तळवा टेकून डोळे मिटले.

“हात काढा!” म्हातारा गरजला. “सायन्सच्या मास्तरीणबाई ना तुम्ही? काच उबेने फुगते. आता माप कसं घेऊ?”

“पूजा केली हो. तुमच्याच हत्यारांची.”

तो आरशाकडे वळला. तपासणीचा दिवा लावून बराच वेळ आरशात बघत राहिला. मग खुर्ची सोडली. “या, बघा.”

काचेवर सावलीचा उंचवटा उठला होता, पाच बोटांचा. हळूहळू विरत होता.

“नीनाने एकदा असाच हात ठेवला होता. मी असाच ओरडलो. पुन्हा ती गराजमध्ये आली नाही. आणि तिचा उंचवटा मी बघितलासुद्धा नाही.”

उंचवटा पार विरला. आता तो घासायला घेईल, असं त्यांना वाटलं.

“पुन्हा ठेवा,” तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत तेच चाललं. मंगळवारीही. आरसा काही पुरा झाला नाही.

वेनियामिन ल्वोविच फ्रिस्कोला दीड वर्ष जगले. मुलीने आरसा बॉथेलला पाठवून दिला. केदारच्या गराजमध्ये तो फडक्यात गुंडाळून पडलाय. अहिल्याबाई नागपूरला परतल्या, एकट्याच असतात. खंडेनवमीला शिलाई मशीनला हळदकुंकू वाहतात. तळवा मात्र जरा जास्तच वेळ टेकून ठेवतात.