भावकी आणि रॅम

केडगावात लग्नपत्रिका छापून देणाऱ्या महेंद्रचा कॉम्प्युटर निमंत्रकांची नावं वाढली की हँग व्हायचा. गिऱ्हाईक कंटाळून दुसरीकडे जायचं. साठवलेल्या पैशात रॅम येत होती, नाहीतर रंगीत मॉनिटर.

“लोक पडदा बघतात. डब्यात कोण डोकावतंय?” बायको जयमाला म्हणाली.

नगरच्या दुकानात मॉनिटरवरून दहादा हात फिरवून त्याने अखेर रॅमच घेतली. एसटीत खिसा चाचपताना मात्र मॉनिटरच आठवत राहिला.

दुसऱ्या दिवशी, रॅम बसवल्यावर, समोर बसलेल्या गिऱ्हाइकाची, गहिनीनाथांची पत्रिका अख्ख्या भावकीसकट चहा यायच्या आत तयार झाली.

“झाली बी? मंग कष्ट काय हुतं ह्यात? निम्मे पैसे घ्या,” गहिनीनाथ म्हणाले.

“थांबा काका, भावकी तपासायचीय,” म्हणत महेंद्रने उगाच वेळ काढायला कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. पडदा काळाच राहिला, तसा आता कष्ट दिसू लागल्याने गहिनीनाथांचा चेहरा निवळला. महेंद्रचा नाही.