उजवा गाल

चंद्राबाईच्या उजव्या गालात चार वर्षं वीज शिरून बसली होती. घास चावला, तोंड धुतलं, नुसता वारा लागला तरी अशी कळ जायची की भरल्या ताटावरून उठावं लागे. सांगलीत तीन चांगल्या दाढा उपटून झाल्या, पण दुखणं जागच्या जागी. मग मिरजेच्या एका डॉक्टरनं सांगितलं, दाढ नव्हे, शीर दुखतेय. त्याच्या गोळ्यांनी बाई पुन्हा भाकरी चावून खाऊ लागली. "मनानं बंद करू नका," असं त्यानं बजावलं होतं.

हरणा तिची एकुलती एक लेक. तिचं रहिमतपुरात जमलं, सुपारी फुटली. मुलाचे चुलते भाऊसो याद्या करायला कुंडलला आले. पाणी पिता पिता त्यांची नजर देवळीतल्या गोळ्यांच्या पाकिटावर गेली नि तिथंच अडकली.

"ही गोळी कुणाला?"

"मला," चंद्राबाई म्हणाली. "गालाची शीर दुखती."

भाऊसोंनी तांब्या खाली ठेवला. "आमच्या शेजारच्या पोराला हीच गोळी हाय. मीच आणून देतो. फेपऱ्याची हाय ही, फिट येत्यात त्येला."

"आवं पावनं, मिरजेच्या डॉक्टरला इचारा की," तिचा नवरा नाथाजी काकुळतीला आला.

"डॉक्टर तुमचाच. आईचं लेकीत उतरतंय. आमाला न्हाई जमायचं."

एकच गोळी दोन दुखण्यांना चालते, हे त्या बैठकीत कोण कुणाला पटवणार! आतल्या दारात हरणा पांढरीफटक पडून उभी होती. चंद्राबाई उठली आणि तिनं पाकीट पेटत्या चुलीत टाकलं.

"थांबलंय माजं दुखनं. आता लग्नापतूर बगा, फेपरं येतंय का."

तिसऱ्या दिवशी कळ परत आली. लग्न बारा दिवसांवर होतं. बाई पेजेवर राहिली, नवऱ्याला आणि लेकीला "ब्येस हाय" म्हणत राहिली. गालावर पदर ओढून वावरली, तर बायका म्हणाल्या, लय मर्यादेची बाई. फेपरं काही आलं नाही. यायला ते होतं कुठं!

पाठवणीला ट्रक सुरू झाला तशी हरणा आईच्या गळ्यात पडायला धावली. चंद्राबाईचा जीव गोळा झाला. पण लेकीचा गाल आपल्या गालाला लागला, तर आपण किंचाळून खाली पडणार, हे तिला ठाऊक होतं. आणि भाऊसो चार हातांवर उभे राहून बघत होते. तिनं लेकीला दोन्ही दंडांना धरून लांबच ठेवलं.

"जा. येळ हुतोय."

हरणा आईच्या तोंडाकडं बघतच राहिली. मग ट्रकमध्ये चढली, ती मागं न बघता.

त्या रात्री चंद्राबाईनं नवऱ्याला खरं सांगितलं. नाथाजीनं सकाळीच मिरज गाठली. नव्या गोळ्या ज्वारीच्या कणगीत लपल्या नि गाल शांत झाला.

आठवड्यानं हरणा मांडवपरतणीला आली. सोबत भाऊसो होते, सोप्यात बसलेले. त्यांच्या कानावर जाईल असं काही बोलायची सोय नव्हती. चंद्राबाई पदर मागं सारून लेकीला कवळायला पुढं झाली. हरणा खाली वाकली, परक्या बाईच्या पडावं तशी पाया पडली नि दोन पावलं मागं सरली.

"बरी हाईस न्हवं?"

"ब्येस हाय," चंद्राबाई म्हणाली. गालापुरतं ते खरं होतं.