तारेने आवळलेला नळ

गॅरेजच्या दाराच्या कडेला स्टुलावर बसून, प्लास्टरातला पाय पुढे टाकून, त्रिफोन हुकूम सोडत होता आणि त्याची बायको स्तामेना गाडीखाली आडवी होऊन ते ऐकत होती. सोसायटीची दुधाची व्हॅन तिने वर्षानुवर्षं घाटातून हाकली होती, पण या जुन्या मॉस्कविच गाडीला त्याने कधी हात लावू दिला नव्हता. यंदा स्वारी अक्रोडाच्या झाडावरून पडली, म्हणून नाइलाज. ऑक्टोबरअखेरचा दिमित्रोवदेनचा सण झाला की रेडिएटर रिकामा करायचा, थंडीत न गोठणारं नवं अँटीफ्रीझ भरायचं आणि गाडी वसंतापर्यंत झाकून ठेवायची, हा त्याचा नेम.

"यंदा झाकायची नाही," ती खालूनच म्हणाली. "इस्क्राला जानेवारीत बाळ होणार. मी जाणार लेकीकडे."

"बर्फातून? हीटर मेलेल्या गाडीत? कुडकुडून मरशील! परत परत काय तेच लावलंयस?"

तेच! दर हिवाळ्याला हेच उत्तर ऐकून तिचे कान किटले होते. मागच्या सीटवरची घोंगडी त्या मेलेल्या हीटरसाठीच होती. तिच्या आईला शेवटचं इस्पितळात नेलं तेव्हा तीच तिच्या पायांवर टाकली होती. म्हातारी दातावर दात वाजवत होती आणि हा म्हणाला होता, काय करणार, जुनी गाडी आहे.

गंजकं पाणी घमेल्यात उतरलं. ती हात पुसत उठली आणि नव्या डब्यावरची सूचना वाचू लागली.

"हीटरचा नळ उघडून जुनं पाणी काढा म्हणतायत. आत राहिलं तर गोठून नळ्या फुटतील."

"हीटरला हात लावू नकोस!"

केवढ्याने ओरडला! ती सरळ इंजिनावर वाकली. मागच्या बाजूला नळ होता, बंद, आणि तारेने करकचून आवळलेला; इंजिनाचं गरम पाणी हीटरपर्यंत पोचतच नव्हतं. तारेची टोकं आत दुमडलेली. द्राक्षाचे वेल, सशांचा पिंजरा, अंगणाचं फाटक, सगळीकडे त्रिफोन तार अशीच दुमडायचा.

"ही तार कोणी बांधली?"

"जुनीच असेल."

"मला येडी समजतोस?"

त्याने प्लास्टरकडे बघितलं. "अगं, एकदा हिवाळ्यात लेकीकडे गेलीस ती ईस्टरलाच परत आलीस. मी काय करायचं इथे एकट्याने?"

"म्हणून माझ्या आईला गारठवलंस?"

"तेव्हा तार काढली असती तर तुला कळलं असतं ना."

तिच्या अंगाची लाही लाही झाली. पक्कड त्याच्या टाळक्यात घालावी असं वाटलं. तिने ती तारेला लावली. तार तुटली, नळ कुरकुरत उघडला, उरलेलं तांबडं पाणी भळाभळा बाहेर आलं. मग तिने रेडिएटरचा नळ बंद केला, नवं अँटीफ्रीझ भरलं आणि इंजिन सुरू करून आत जाऊन बसली.

थोड्या वेळाने जळक्या धुळीचा वास आला. मग पायांवर ऊब. अगदी मस्त, भरपूर ऊब. ती हमसून हमसून रडली आणि रडता रडता त्याला शिव्या घालत राहिली.

"स्तामेना, दार उघड! इथे गारठलोय मी!"

तिने काच खाली केली, मागची घोंगडी ओढून त्याच्या अंगावर फेकली.

"जानेवारीची वाट कोण बघतो? आजच निघते. खारवलेला कोबी पिंपात आहे, लाकडं शेडमध्ये."

"आणि मी?"

"काय करणार," ती म्हणाली, "जुनी गाडी आहे." आणि गियर टाकला.