उचलू का?

सगळं सुरळीत चाललं होतं आणि माशी शिंकली ती नेमकी शिवणबाईंच्या पलंगापाशी. सुनेचा चारित्र्याचा दाखला आला होता, छातीचा फोटो स्वच्छ निघाला होता, परक्या भाषेची परीक्षा ती दुसऱ्या खेपेला का होईना, पास झाली होती. आता परदेशातल्या त्या वृद्धाश्रमाचं नेमणुकीचं पत्र आलं की व्हिसाचा अर्ज वकिलातीत जाणार होता. पत्रासाठी मात्र त्यांना एक व्हिडिओ हवा होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चाकांच्या खुर्चीत कसं बसवता, ते करून दाखवा, एवढंच.

तसं माणूस शोधायला लांब जायला नको होतं. अर्धांगवायूने सासूची उजवी बाजू गेली, तेव्हापासून त्या खिडकीलगतच्या पलंगावर होत्या. उभ्या हयातीत त्यांनी अर्ध्या वस्तीतल्या बायकांना शिवण शिकवलं, म्हणून सगळे त्यांना शिवणबाईच म्हणत. वाकडा टाका दिसला की त्या सबंध शिलाई उसवायला लावत. जीभ आता जराशी जड झाली होती, पण धार तीच होती. सून इस्पितळात आयाचं काम केलेली, तिचा हात सराईत. मुलाचा छापखाना बंद पडला होता आणि तो मिळेल ते काम करत होता. घर चालायचं तर कुणीतरी बाहेर पडायला हवं होतं, आणि मागणी होती ती सुनेच्या हातांना. हे सगळं शिवणबाईंना न सांगता कळलं होतं. त्यांना सांगितलं होतं ते इतकंच, की अजून कशात काही नाही. म्हातारं माणूस म्हणजे बहिरं, असा घरोघरी समज असतोच.

पहिला व्हिडिओ मुलाने मोबाईलवर काढला. सुनेने खुर्चीची चाकं अडवली, सासूच्या कमरेला पट्टा बांधला, गुडघे वाकवले आणि त्यांना अलगद उचलून खुर्चीत बसवलं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. तरी व्हिडिओ परत आला. भरती करणाऱ्या मॅडमनी फोनवर सांगितलं, की पेशंटला विचारलंच नाही. हात लावण्याआधी विचारायचं, उत्तराची वाट बघायची आणि हो म्हटलं तरच उचलायचं. नाही म्हटलं तर नाही. आता आणखी एकदाच संधी मिळणार होती.

मुलगा हसला. घरच्या माणसाला कसली परवानगी, म्हणाला.

शिवणबाई हसल्या नाहीत. आजवर त्यांना न्हाऊ घातलं होतं, भरवलं होतं, कुशीवर वळवलं होतं, सगळं मायेने आणि वेळच्या वेळी. विचारलं मात्र कधीच नव्हतं. कापडाचा गठ्ठा कपाटातून काढून टेबलावर ठेवावा, तशा त्या रोज इकडून तिकडे होत होत्या. आणि आता विचारायची वेळ आली, तर ती अशी, की हो म्हटलं की सून जाणार. त्यांना भीती वाटली. नवरा गेला तेव्हाही इतकी वाटली नव्हती. तेव्हा निदान दोन्ही हात चालत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाने पुन्हा मोबाईल रोखला. सून पलंगाशी वाकली.

"आई, मी तुम्हाला खुर्चीत बसवू का?"

"नाही."

मुलाचा हात खाली आला. नुसतं हो म्हणायला काय जातंय, असं तो आईवर करवादला. मग बायकोला म्हणाला, तू उचल, आवाजाचं नंतर बघू. सुनेने पट्ट्याची घडी केली आणि ती पायथ्याशी ठेवली.

"त्या नाही म्हणाल्यात," ती म्हणाली आणि स्टुलावर बसून राहिली.

शिवणबाईंना वाटलं होतं, विनवण्या होतील, रडारड होईल, मग आपणही चार शब्द सुनावू. तसलं काहीच झालं नाही. मुलगा पाय आपटत बाहेरच्या खोलीत गेला. ऊन पलंगावरून सरकत भिंतीवर गेलं. त्यांची पाठ दुखायला लागली, तरी कुणी हात लावला नाही. किती दिवसांनी त्यांच्या शब्दाला वजन आलं होतं, आणि ते आता त्यांनाच पेलेना.

"शेजारच्या काकूंना झोपवून काढ की तुझा व्हिडिओ," त्या अखेर म्हणाल्या.

"काढता येईल. त्या तयारही आहेत. पण मला ते चोरून गेल्यासारखं वाटेल, आई. इतके दिवस न विचारता उचललं तुम्हाला. जायचं तरी विचारून."

"तू गेल्यावर मला कोण उचलणार?"

सुनेने बाहेरच्या खोलीकडे पाहिलं.

"तो? त्याला शर्टाचं बटण लावायला सांग, स्वतःचं बोट शिवून घेईल."

सुनेला हसू आलं आणि हसता हसताच डोळे भरले. तिलाही हीच धास्ती होती. तिकडे परक्यांच्या आयांना जपून उचलायचं आणि इकडे आपली सासू पडली तर काय, या विचाराने तिला झोप लागत नव्हती. तिने ते प्रथमच बोलून दाखवलं.

"आधी त्याने उचलायचं," शिवणबाई म्हणाल्या. "विचारून. मग मी तुला हो म्हणेन."

इथे मुलाचं पितळ उघडं पडलं. औषधं आणायला, डॉक्टरांशी बोलायला तो नेहमी पुढे. आईला हात लावायची वेळ आली, की त्याला स्वयंपाकघरात हटकून काहीतरी काम निघे. ज्या हाताने कान पिळला, त्या हाताची बोटं आता आपण सरळ करायची, हे त्याला सोसत नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने खुर्ची अधू बाजूला लावली. "डावीकडे, गाढवा," असं आईने त्याला ऐकवलं. मग अर्ध्यावर तोल गेला आणि मायलेक दोघंही पलंगावर बसले. त्याला दरदरून घाम फुटला. पण शिवणबाईंनी उसवून पुन्हा घालायला लावायची सवय सोडली नव्हती. रोज त्याने विचारायचं, रोज त्यांनी हो म्हणायचं, रोज काहीतरी चुकायचं. ज्या दिवशी त्याने एकट्याने त्यांना नीट खुर्चीत बसवलं, त्याच दिवशी सुनेचा व्हिडिओ झाला. त्यातला होकार बाहेरच्या खोलीतही ऐकू गेला असता, इतका खणखणीत होता.

यथावकाश पत्र आलं, मग पासपोर्टावर व्हिसा लागून आला. सुनेने तो आधी सासूच्या हातात दिला. फोटोत चोरासारखी दिसतेस, त्या म्हणाल्या, आणि पासपोर्ट परत द्यायला त्यांनी जरा वेळच लावला.

निघायच्या सकाळी सामान खाली गेलं होतं. सून पिशवी घेऊन पलंगाशी आली. घरातून निघताना येते म्हणावं, जाते कधी म्हणू नये, हे तिला शिवणबाईंनीच शिकवलं होतं. आज ती यातलं काहीच म्हणाली नाही.

"आई, जाऊ का?"

विचारून ती थांबली. खाली गाडीवाल्याने हॉर्न वाजवला, तरी हलली नाही. आपण नाही म्हटलं तर ही खरोखर पिशवी खाली ठेवील, हे शिवणबाईंना ठाऊक होतं. नाही हा शब्द जिभेवर आलाही होता.

"हो," त्या म्हणाल्या.

बायकोला गाडीत बसवून मुलगा वर आला. हात धुतले, खुर्ची डाव्या बाजूला आणली, चाकं अडवली.

"आई, उचलू का?"

शिवणबाईंचं तोंड खिडकीकडे होतं.

"थांब जरा."

त्याने पुढे केलेले हात मागे घेतले. मग तो सुनेच्या स्टुलावर बसला आणि आईचं रडून होईपर्यंत थांबला.