नाब्बोसाचा आकडा

माझी बायको नाब्बोसा चहाच्या कारखान्यात पानं चिरणाऱ्या रोलरवर कामाला होती. त्याच रोलरने तिला मारलं.

त्याआधी दोन महिने मालकांनी संगणक बसवला होता. रोलर साफ करायचा तर आपला आकडा दाबून यंत्राला कुलूप लावायचं. ते त्याच आकड्याने उघडतं, म्हणून आकडा कुणाला सांगायचा नाही. शिकवायला आलेल्या गोऱ्याने हे चार वेळा सांगितलं. आम्ही चार वेळा हो म्हणालो.

तो गेल्यावर सगळ्यांनी आपले आकडे सालोंगोला देऊन टाकले. सालोंगो आमचा मुकादम, म्हातारा; जुळ्यांच्या बापाला आमच्यात मानाने सालोंगोच म्हणतात. त्याच्यापासून काही लपवणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. फक्त नाब्बोसाने दिला नाही.

ती मला म्हणाली, "मी रोज गुडघे टेकून नमस्कार करते ना त्यांना? मग आकडा कशाला हवा?"

मी म्हणालो, "लोक हसतात मला. म्हणतात, मुक्वायाची बायको सालोंगोच्याही वर गेली."

"हसू देत. रोलरमध्ये हात माझा असतो, केझियाचे बाबा."

केझिया आमची मुलगी. तिची जन्मतारीख हाच तो आकडा, हे मला ठाऊक होतं. मी तो चिठ्ठीवर लिहून सालोंगोला दिला. नाब्बोसाला सांगितलं नाही.

मंगळवारी तिने कुलूप लावलं आणि हात आत घातला. तेवढ्यात पानांचा ट्रक आला. कचेरीत सालोंगोला पडद्यावर एक रोलर बंद दिसला. बाई कुलूप काढायला विसरली असं समजून त्याने तिचा आकडा दाबला आणि रोलर सुरू केला.

मी शेजारच्या यंत्रावर होतो. तिची किंकाळी अर्धीच आली. मी तिची कंबर धरून ओढलं. रोलर माझ्यापेक्षा जोरात ओढत होता. कुणीतरी यंत्र थांबवलं तोवर तो तिच्या गळ्यापर्यंत पोचला होता.

माती दिल्यावर चौथ्या दिवशी मी कोयता घेऊन सालोंगोच्या अंगणात गेलो. तो खुर्चीवर बसून मटोके, उकडलेली हिरवी केळी, खात होता. पहिला घाव हातावर बसला, दोन बोटं खाली पडली. मग मुठीने त्याचे दात पाडले. त्याने हात वर केला नाही. रक्ताळलेल्या हाताने खिशातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि एक माझ्यापुढे धरली.

"हे अक्षर तिचं आहे का, पोरा?"

अक्षर माझं होतं.

त्याच्या बायकोने माझ्या हातातला कोयता काढून घेतला. मी घेऊ दिला. बोटं मातीत पडली होती. कोंबड्या जवळ येत होत्या, त्या मी हाकलत राहिलो.