सुग्राबीचा उजवा तळहात

त्या वर्षी कापसाचा भाव इतका पडला होता की दिग्रसच्या बाजारात माणसं रामराम घालायलाही तोंड उघडत नव्हती. मला असल्या सुतकी चेहऱ्यांची चीड येते. म्हणून तर मला सुग्राबी लागायची. तिचं वावर माझ्या वावराला लागून. एक दिवस तिचा कापूस, एक दिवस माझा, अशी आमची वेचणीची जोडी लेकरं लहान होती तेव्हापासूनची. शेजारच्या तासात, म्हणजे कपाशीच्या ओळीत, ती असली की हसून हसून पोट दुखायचं.

ही बाई ऐन श्रावणात विहिरीच्या पायरीवर घसरली आणि उजवा हात मोडून बसली. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण तळहात वर वळेना. पालथा पंजा पालथाच. वेचताना मनगट फिरवून बोंडातला कापूस ओढावा लागतो, नेमकं तेच बंद.

"इंदू, तू दुसरी जोडी पाय," ती म्हणाली. "एका हाताची बाई कायले पायजे तुले?"

मी तिला चार शिव्या घातल्या आणि यवतमाळच्या एसटीत बसवलं.

तिथल्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी अर्पिता नावाची पोरगी होती. बोलायला गोड, पण सोडणारी नव्हे. "मावशी, कोपर म्हणजे दाराची बिजागरी," ती म्हणाली. "उघडतं, मिटतं. खांदा चहूकडे फिरतो. आणि तळहात वळतो, कारण कोपराखालच्या दोन हाडांतलं एक दुसऱ्याभोवती फिरतं. तुमचं तेच आखडलंय. कोपर कमरेला चिकटवा आणि वळवा."

सुग्राबीने वळवला. म्हणजे कोपर पुढे सरकवलं, खांदा पाडला, कमरेतून अख्खी वाकडी झाली. "झालं ना वो?"

"खांदा चोरी करतोय," अर्पिता हसली.

त्या चोराचा बंदोबस्त मी केला. कापसाची ओटी बांधायचं फडकं घेऊन रोज सकाळी तिचं कोपर कमरेला आवळू लागले. ती कळवळायची, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि पंजा कालच्यापेक्षा जरा जास्त वळवायची. तिचा नवरा इकबाल म्हणायचा, "भाभी, तोंड बी बांधून टाका."

पहिल्या वेचणीला आमच्याकडे सीतादही करतात. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची पूजा, दहीभाताचा नैवेद्य, मग तो भात प्रत्येक वेचणारीच्या तळहातावर. सुग्राबी दरवर्षी आवडीने घ्यायची. यंदा आदल्या दिवशीच तिने जाहीर केलं, "उजव्या हातात दहीभात राह्यला तर वेचीन. नाही तर घरी जाईन. मले कोणाची दया नाही पायजे." ती बोलली की करते, म्हणून मला धास्तीच बसली.

पूजा झाली. तिने स्वतःच कोपर कमरेला दाबलं, दात आवळले, तळहात वळवला. वळला, पण पुरता नाही. करंगळीकडे उतार राहिलाच. मी भात ठेवला. भात राहिला, दही मात्र करंगळीवरून ओघळून मनगटावर, तिथून मातीत.

तिचे डोळे भरले. "गेलं सारं. चालली मी."

माझं डोकंच फिरलं. "अवो, दही कोण वेचते? आपल्याले कापूस वेचाचा हाय. कापूस वाहत नाही!"

तिने डोळे पुसले. मग इतकी हसली की हातातला भात सांडता सांडता वाचला. तो तिने तोंडात टाकला, हात पदराला पुसला आणि माझ्या शेजारच्या तासात शिरली.

पहिलं बोंड निघायला तिला वेळ लागला. मी आपली उगाच पानं बाजूला करत रेंगाळत होते.

"इंदू!" ती खेकसली. "माह्यासाठी थांबून राह्यली का वो? चाल पुढं!"